पाचवी खुंटी

१

दर रविवारी दुपारचं जेवण झालं की मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावायचो आणि पलीकडच्या गल्लीतल्या घराकडे निघायचो. घर माझंच, पण तिथे कॉलेजात शिकणारी मुलं भाड्याने राहतात. मी इकडे, मुलगा आणि सूनबाईंबरोबर. जन्मभर सुतारकाम केलं. शाळा लवकर सुटली, त्यामुळे ही मुलं काय शिकतात ते मला धड सांगता येणार नाही. पण चार मुलं एका छपराखाली राहिली की कशावरून भांडतात, ते मला कळतं.

भांडण मिटवायची माझी एक पद्धत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळ्यांना बसवायचं. मी त्यांच्याकडे पाठ करून चहा टाकायचो. एकेकाने पाळीने बोलायचं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. आणि कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. अमक्याने ताट तसंच टाकलं, असं नाही म्हणायचं. ताट तसंच पडलं होतं, एवढंच म्हणायचं. नाव घेतलं की माणूस फणा काढतो. नाव नाही घेतलं तर ज्याचं त्याला कळतं, आणि चारचौघांत लाजही राखली जाते. पाठ अशासाठी, की कोणाचा चेहरा पडला ते मलाही दिसू नये.

सगळ्यांचं ऐकून झालं की मी काहीतरी ठोकून द्यायचो. निम्मी भांडणं जागेची असतात. एखादी फळी मारली, चपलांना एक कप्पा वाढवला, की माणसं निवतात. सूनबाई म्हणायची, "बाबा, साऱ्या जगाला फळ्या ठोकून देता, आणि आपल्या मोरीचं दार वर्षभर रडतंय." खरं होतं तिचं. पण घरच्या दाराला थांबायला सांगता येतं. परक्यांच्या मुलांना कसं सांगणार?

२

यंदा चौघं होती. एक उंच, दारातून वाकून यायचा, त्याला सगळे लंबू म्हणायचे. दुसरा दवाखान्याचं शिक्षण घेणारा, तो आत्तापासूनच डॉक्टर. तिसरा आंघोळ करताना गायचा, तो गवई. तो इतकं बेसूर गायचा की शेजारीण एकदा, मुलाला बरं नाही का, असं विचारून गेली होती.

चौथा धाकटा. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत गप्प. त्याला मी वरची छोटी खोली दिली होती. त्याची आई त्याला सोडायला आली होती. दूरच्या गावी एका दवाखान्यात ती साफसफाईचं काम करते. नवरा नाही. जाताना जिन्याशी थांबून म्हणाली, "दादा, याच्याकडे जरा लक्ष ठेवा. वाईट नाही हो तो. पण लोक विसरतात त्याला. शाळेची सहल गेली होती, तर याला तिथेच ठेवून बस निघून आली. संध्याकाळी मी विचारायला गेले तेव्हा गुरुजींना आठवलं."

हे सांगताना ती हसली, पण पदर हातात पिळत होती. मी म्हटलं, ताई, माझ्या घरात कोणी विसरलं जात नाही.

३

पहिली तक्रार खुंटीची.

दारातून आत आलं की उजव्या भिंतीला मी सागवानी खुंट्या मारल्या आहेत, ज्याची त्याला एक. त्या रविवारी पहिला बोलला, की माझ्या खुंटीवर ओले कपडे टांगलेले असतात. मी चहात साखर घालत होतो. दुसरा म्हणाला, माझ्याही. मग तिसरा तेच म्हणाला. सगळ्यांत शेवटी धाकट्याने घसा साफ केला आणि हळूच सांगितलं, की त्याच्याही खुंटीवर असतात.

मला पाठमोऱ्यानेच हसू आलं. म्हटलं, चोरही ओरडतोय चोर चोर. चौघांतला कोणीतरी एक आपलं पाप झाकायला इतरांच्या सुरात सूर मिळवतोय. कोण ते मला शोधायचं नव्हतंच. कोणाकडे कपडे जास्त असतील, वाळवायला जागा नसेल. पिशवीत सागाचा तुकडा होता. तिथेच बसून तासला आणि चारांच्या पुढे एक खुंटी ठोकून दिली.

"ही कोणाची, असं विचारायचं नाही," मी म्हटलं. "ज्याला गरज असेल त्याची."

मुलं खूश झाली. त्यानंतर ओल्या कपड्यांची तक्रार आली नाही.

घरी परतताना एवढंच मनात आलं, की बरेच दिवस कडक ऊन आहे. सगळ्यांचे कपडे गच्चीवर तासाभरात वाळतात. मग घरात ओलं काय टांगतात?

४

त्यानंतर दर रविवारी एक काहीतरी निघायचं.

फडताळात कोणीतरी आपला पेला दुसऱ्याच्या फळीवर पालथा घालून ठेवतं. मी एक फळी वाढवली. टेबलाशी आपण बसायला जावं तर आपलं स्टूल आधीच कोणीतरी ओढून तिरकं ठेवलेलं असतं, जसं कोणी आत्ता उठून गेलंय. मी एक स्टूल जास्तीचं केलं. सकाळी न्हाणीघराला आतून कडी असते, पाण्याचा आवाज नसतो, आणि दार वाजवलं तर आतला माणूस उत्तर देत नाही, नुसता दाराच्या जवळ येऊन उभा राहतो. ही तक्रार डॉक्टरची होती. तो कधी उगाच बोलत नाही, म्हणून माझ्या ध्यानात राहिली. मी सकाळच्या पाळ्या लावून दिल्या. चार पाळ्या चौघांच्या, आणि सगळ्यांत शेवटची मोकळी, ज्याला उशीर होईल त्याला.

"आणि पाळी येईपर्यंत बाहेर शांत उभं राहायचं," मी सगळ्यांना बजावलं. "दार ढकलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. पाळी येतेच."

हे सगळं करताना मला बरं वाटत होतं, ते का लपवू? बायको गेल्यापासून दुपार खायला उठायची. रविवारी चार मुलं माझी वाट बघतात, माझ्या हातच्या वस्तू वापरतात, यात मला माझं घर भरल्यासारखं वाटायचं.

एक दिवस पिशवी टांगायला खुंटी बघत होतो, तर पाचवी खुंटी मोकळी होती. हात लावला आणि तसाच ठेवला. लाकूड माणसाच्या हाताने मळतं, तेल पितं, आणि मग त्याला एक चकाकी येते. माझ्या पटाशीच्या मुठीला ती आहे. ती यायला वर्षं लागतात. ही खुंटी तर परवाची. बाकीच्या चार, जुन्या, अजून कोरड्याच होत्या. ही मात्र एखाद्या जुन्या हत्याराच्या मुठीसारखी गुळगुळीत झाली होती, आणि जरा दमट होती.

साग कधीकधी तेलकट निघतो. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली. पिशवी मात्र जमिनीवर ठेवली.

५

मग एका दुपारी तिघं माझ्या घरी आली. रविवार नव्हता. लंबू पुढे, डॉक्टर आणि गवई त्याच्या मागे. सूनबाईने पाणी दिलं ते कोणी घेतलं नाही. मी रंधा मारत होतो, तो बाजूला ठेवला.

लंबूने सांगितलं, की नियम मोडतोय, पण आता नाव घ्यावंच लागेल. धाकट्याला घरातून काढा. मी कारण विचारलं. तर एकेकाच्या तोंडून निघत गेलं. तो अंधार करून बसतो. आपण पुस्तक वाचत असलो की मागे येऊन उभा राहतो, कधी आला ते कळत नाही, फक्त मानेला गार लागतं. आपण वळेपर्यंत दारातून बाहेर गेलेला असतो. त्याच्याशी बोललं तर उत्तर देत नाही. गवयाने तर गाणं सोडलं होतं. आंघोळ करताना तो गातो तेव्हा पडद्याच्या अलीकडे कोणीतरी त्याच्याबरोबर ओठ हलवतं, असं त्याला वाटायचं. "आवाज नसतो काका," तो म्हणाला. "नुसते ओठ मिटल्या-उघडल्याचं ऐकू येतं."

ज्या पोराचा बेसूरपणा शेजारणीला सोसत नव्हता, त्याला असं पुटपुटताना बघून मी पाण्याचा पेला त्याच्यासमोर सरकवला.

"तुम्ही त्याला बघितलं का? चेहरा?" मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "चौघं तर राहतो आम्ही. मी नाही, हे दोघं नाहीत. मग कोण उरलं?"

हिशोब चुकीचा नव्हता. आठवडाभरात काय ते बघतो, म्हणून मी त्यांना लावून दिलं. तेव्हा लंबू उंबऱ्याशी थांबून म्हणाला, की तो राहिला तर आम्ही तिघं जातो. सूनबाईने दार लावलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "गरीब गाय दिसली की सगळे शिंगं परजतात." तिला धाकटा आवडायचा. येता-जाता तो तिच्या हातातली पिशवी घ्यायचा.

मला त्याच्या आईचा पिळलेला पदर आठवत होता. असा ठपका घेऊन पोर परत गेलं, तर ती त्याला पुन्हा कुठे पाठवणार, आणि कशाच्या बळावर?

६

दुसऱ्या दिवशी मी धाकट्याला माझ्याकडे बोलावून घेतलं. म्हटलं, जरा एक फळी धर. तो फळी धरून उभा राहिला आणि मी करवत चालवत राहिलो. समोरासमोर बसवून विचारलं की गप्प मुलं आणखी मिटतात. काम करता करता बोलतात.

मी विचारलं, पोरा, काही त्रास आहे का तिथे?

बराच वेळ भुसा पडत राहिला. मग तो म्हणाला, "काका, मी काही करत नाही त्यांना."

"मी कुठे म्हटलं?"

"मला वाटायचं, लंबू आहे. मग वाटलं, गवई असेल, थट्टा करत असेल. तुम्ही सांगितलं होतं नाव घ्यायचं नाही, म्हणून मी कुणाला विचारलंच नाही."

मग त्याने मला ते सांगितलं, जे त्याने रविवारी कधी सांगितलं नव्हतं. कॉलेजातून आल्यावर त्याची गादी गरम असते. उशीला खळगा असतो. सुरुवातीला तो घाबरायचा, मग त्याने सवय करून घेतली. आता तो घरी आला की खाली बसून राहतो आणि वर कोणी उठल्याचा आवाज झाला की मगच खोलीत जातो.

"कोणी उठल्याचा म्हणजे?"

"म्हणजे त्याची पाळी संपल्याचा," तो साधेपणाने म्हणाला. जणू मीच शिकवलेला धडा म्हणून दाखवत होता.

माझी करवत अडकली. मी ती काढत बसलो. मनात एक हिशोब मांडत होतो. आदल्या बुधवारी दुपारी मानेला गार लागलं होतं, असं गवई काल म्हणाला होता. आणि बुधवारी दुपारभर धाकटा सूनबाईला दळण आणून द्यायला इथे आला होता, आमच्याकडेच जेवला होता.

७

रविवारी चौघांना बसवलं. या वेळी मी पाठ केली तरी नियम बदलला. म्हटलं, आज नावं घ्या. जे झालं ते कोणी केलं असं वाटतं, ते सरळ सांगा. पाळीनेच.

लंबूने सांगितलं की आधी त्याचा संशय गवयावर होता. गवयाला वाटायचं डॉक्टर आहे. डॉक्टरला लंबू वाटायचा. इतके महिने ही मुलं एकमेकांसमोर जेवत होती, आणि प्रत्येकजण मनात दुसऱ्याला माफ करत होता. मला हवं होतं ते हेच. कोणी कोणाला तोडून बोललं नाही. आणि म्हणूनच कोणी मोजलं नाही.

मग मी एकेक गोष्ट घेतली. न्हाणीघराच्या त्या सकाळी तू कुठे होतास, तू कुठे होतास. प्रत्येकाला आठवत होतं. प्रत्येक वेळी बोट एकावरून दुसऱ्यावर जायचं आणि शेवटी टेबलाच्या बाहेर पडायचं. चहा उकळून वर येत होता. धाकटा सगळ्यांत शेवटी बोलला. त्याने कोणाचंच नाव घेतलं नाही. म्हणाला, "मला नाही माहीत."

चौघांचं बोलून झालं. सवयीने मी विचारलं, "अजून कोणाचं काही?"

आणि माझ्या पाठीमागे कोणीतरी श्वास घेतला. माणूस बोलायला तोंड उघडतो, तेव्हा घेतो तसा.

मी वळलो. चौघं चार बाजूंना ताठ बसली होती. एकाचेही ओठ हलत नव्हते. पाचवं स्टूल टेबलापासून जरासं मागे सरकलेलं होतं. तिथली फरशी उतरती आहे, हे मला माहीत आहे. ते सरकू नये म्हणून मीच त्या स्टुलाच्या पायाखाली पाचर मारली होती.

भीतीने माणसं शहाणी होत नाहीत, चिकटून राहतात. तिघं एका बाजूला सरकली आणि धाकटा दुसऱ्या बाजूला एकटा उरला. लंबू रडायच्या बेतात होता. "काका, याच्यावर आमचा राग नाही. पण हा गेला की थांबेल. याच्या खोलीतूनच येतं ते."

मी काय केलं? जन्मभर जे केलं तेच. भांडण मिटेल अशी जागा काढली. धाकट्याला म्हटलं, चल, चार दिवस माझ्याकडे राहा. तो उठला, काही न बोलता एका पिशवीत पुस्तकं भरली आणि माझ्यामागून निघाला. घाईत त्याचा फोन वरच राहिला. दारातून बाहेर पडताना त्याने आपलं जाकीट घ्यायला हात वर केला. ते त्याच्या खुंटीवर नव्हतं. पाचव्या खुंटीवर होतं.

"राहू दे," मी म्हटलं. आजही ते शब्द मला तोंडात कडू लागतात.

८

आठवडा शांत गेला. धाकटा माझ्या कामाच्या खोलीत झोपायचा, सकाळी माझ्या आधी उठून भुसा झाडायचा. मला फळ्या पॉलिश पेपरने घासून द्यायचा. मोरीचं दार त्यानेच दुरुस्त केलं, मी फक्त बिजागरी दाखवली. सूनबाई म्हणाली, बघा, वर्षभराचं काम पोराने दुपारी केलं. तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

फक्त एकदा असं झालं, की सूनबाईने ताटं वाढली आणि तो उभाच राहिला. तिने त्याचं पान मांडलंच नव्हतं. "अगं बाई, विसरलेच की मी," ती म्हणाली आणि कानाची पाळी धरली. ती कधी कुणाला विसरत नाही. भिकारी येऊन गेला तरी तिला त्याचा चेहरा आठवतो.

रविवारी मी एकटा त्या घरी गेलो. लांबूनच गाणं ऐकू आलं. गवई न्हाणीघरात होता, आणि पूर्वीसारखाच बेसूर. मला बरं वाटलं. डॉक्टर आणि लंबू स्वयंपाकघरात होते, खिडक्या उघड्या होत्या. म्हणाले, काका, आज एकही तक्रार नाही.

"चला, सुटलात एकदाचे," मी म्हटलं.

"चौघांचं मस्त जमतंय आता," लंबू म्हणाला.

जिभेची सवय, दुसरं काय. मी चहा टाकायला पुढे झालो. ओट्यावर धुतलेले पेले पालथे घातले होते. मी ते मोजायला नको होते.

डॉक्टर मागून बोलला. आवाजात थोडी शरम होती. "आम्ही उगाच त्याच्यावर डूख धरला, काका. चांगला आहे तो. आता बोलतो सुद्धा. काल तर हसवून हसवून पोट दुखवलं त्याने."

"कोणी?"

"धाकट्याने." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं म्हाताऱ्या माणसाकडे बघतात. "तुम्हीच नाही का त्याला परत आणून सोडलंत? सोमवारी."

गाणं थांबलं. वर, छोट्या खोलीत, कोणीतरी चार पावलं चाललं आणि उभं राहिलं. दोघांपैकी एकानेही वर पाहिलं नाही. घरातल्या माणसाच्या पावलांकडे कोण बघतं?

"आत्ताच वर गेला," लंबू म्हणाला. "हाक मारू का?"

मी नको म्हटलं. चहा तसाच टाकून निघालो. वाटेत मी पोराला मनातल्या मनात रागावत होतो. माझी नजर चुकवून इकडे येत असेल, यांच्याशी समेट केला असेल, मला सांगायची लाज वाटत असेल. तसं असू दे, अशी मी घरापर्यंत देवाची विनवणी केली. धाकटा ओसरीवर बसून फळी घासत होता. भुशाने त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. सूनबाई म्हणाली, सकाळपासून जागचा हलला नाही.

९

त्याच संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. मी तिला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे दुपारपासून घोळवत होतो. तर तीच बोलत सुटली.

"दादा, तुमचे पाय धरावेत तेवढे थोडे. आत्ताच बोलणं झालं त्याच्याशी. आधी हो-नाहीच्या पलीकडे शब्द नव्हता, आता अर्धा अर्धा तास बोलतो. म्हणाला, आई, इथे सगळं माझ्या हक्काचं आहे. खुंटी आहे, फळी आहे, काकांनी बसायला स्टूल करून दिलं. एवढं कोणी केलं होतं का त्याच्यासाठी आजवर?"

धाकटा माझ्यासमोर बसला होता. आईचा आवाज फोनमधून त्याच्यापर्यंत जात असावा, कारण त्याचे हात थांबले होते. मी फोन त्याच्याकडे केला. तो घेऊन त्याने म्हटलं, "आई."

पलीकडून तिने विचारलं, अगदी आदराने, जसं परक्याला विचारतात तसं, "कोण बोलतंय?"

फोन त्याने खाली ठेवला. मला वाटलं होतं रडेल. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या सहलीच्या दिवशी बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो असाच बघत राहिला असेल, असं मला वाटून गेलं.

"उद्या जाऊ," मी म्हटलं. "तू आणि मी. तुझं सामान आणू, आणि तिथून तुझ्या फोनवरून आईला पुन्हा लावू."

१०

तिघं कॉलेजला गेल्याची खात्री करून आम्ही भर दुपारी गेलो. कॉलेजला जाताना लंबू गल्लीच्या तोंडाशीच भेटला होता. त्याने सायकलवरून मला हात केला. माझ्याशेजारी चालणाऱ्याकडे त्याने पाहिलं नाही.

दाराला बाहेरून कुलूप होतं. माझ्याकडची किल्ली लावली, कुलूप काढलं, दार लोटलं. उघडेना. दार फुगलंय, मी म्हटलं. पण फुगलेलं दार आणि कडी घातलेलं दार यांतला फरक माझ्या तळहाताला कळतो.

"काका," धाकटा म्हणाला, "आतून कडी आहे."

बाहेरून कुलूप आणि आतून कडी. गल्लीत ऊन रखरखत होतं. समोरच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. अशा वेळी माणूस घाबरत नाही, त्याला फक्त आपलं वय एकदम आठवतं.

मला एकच सुचलं. नाव कोणी घेतलं नाही म्हणून इथवर आलं. तर आता नाव घ्यायचं. मोठ्याने, पूर्ण, भर दिवसा. ज्याचं आहे तो ओ देईल, आणि मग ते ज्याचं त्याच्याकडे राहील. मी पोराला समजावलं. "मी हाक मारीन. तू लगेच ओ दे. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा." त्याने मान हलवली. त्याचा हात मी हातात घेतला. तो गरम होता, घामेजला होता, जिवंत पोराचा हात होता.

मी त्याचं नाव घेतलं. इथे ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही. त्याच्या आईने ठेवलेलं, बापाचं, घराण्याचं, सगळं घेतलं.

"ओ," उत्तर आलं. "आलो, काका."

माझ्याशेजारी पोराचं तोंड उघडं होतं. त्यातून आवाज निघाला नव्हता.

आत जिना वाजला. त्या जिन्याची एक पायरी जरा बोलते, मी ती कधी दुरुस्त केली नाही. ती बोलली. मग खुंट्यांच्या भिंतीशी पावलं थांबली, आणि काहीतरी ओलं, जड, खुंटीवरून काढून घेतल्याचा आवाज झाला. मग आतली कडी निघाली. मी दाराचा कोयंडा दोन्ही हातांनी धरला आणि पाय उंबऱ्याला लावले. कुलूप परत घालायला हात मोकळा नव्हता.

जन्मात जे मी कोणाला म्हटलं नव्हतं, ते म्हटलं. "इथे जागा नाही."

पलीकडून, दाराच्या अगदी जवळून, न रागावता, अजिजीही न करता, माझ्या ओळखीच्या त्या हळू आवाजात तो म्हणाला,

"पण काका, तुम्हीच तर केलीत."

माझ्यामागे पोराने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं होतं. ती पकड आहे तोवर तो आहे, एवढंच मला कळत होतं. वळून बघायचा धीर होत नव्हता. आतून दाराला हिसका बसेल म्हणून मी अंगातलं होतं नव्हतं ते बळ एकवटून उभा राहिलो. पण हिसका बसला नाही. दाराखालच्या फटीतून दोन पावलांची सावली दिसत होती, जुळवून ठेवलेल्या पावलांची. तो दार ओढत नव्हता, हाकही मारत नव्हता. माझ्या घरात शिकलेल्या पोरासारखा तो आपली पाळी येईपर्यंत शांत उभा होता.